पवन व सौर ऊर्जाप्रकल्पांची उभारणी

पवन व सौर ऊर्जाप्रकल्पांची उभारणी : वारा आणि ऊन यांपासून व्यापारी प्रमाणावर वीज निर्माण करण्यासाठी जागा हेरण्यापासून ती वीज वाहिनीत सोडण्यापर्यंतची प्रक्रिया. बांधकाम हा तिचा अखेरचा आणि तुलनेने सोपा टप्पा होय. सौर पॅनेल काही महिन्यांत बसतात. मोजमाप, जमीन, परवाने आणि करार यांत मात्र वर्षे जातात.

पवनप्रकल्प वारा मोजण्यापासून सुरू होतो. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी कमी भरला, तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. त्यामुळे अंदाजावर भागत नाही. संभाव्य जागेवर तारांनी ताणून धरलेला जाळीदार मनोरा उभारतात. त्यावर वेगवेगळ्या उंचींवर वाट्यांचे वेगमापक आणि दिशादर्शक बसवून दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवतात. नोंदी निदान वर्षभराच्या लागतात, कारण महाराष्ट्रात जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात असतो. उन्हाळ्यातल्या चार महिन्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरेल. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अभ्यासानुसार देशाची पवनक्षमता १०० मी. उंचीवर सुमारे ३०२ गिगावॅट, तर १२० मी. उंचीवर सुमारे ६९५ गिगावॅट आहे.

सौर प्रकल्पात ऊन मोजणे त्यामानाने सोपे. उपग्रहांच्या नोंदी आणि जमिनीवरील मोजमाप यांवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. तेथे मातीची परीक्षा महत्त्वाची असते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पॅनेलचे खांब हलू नयेत इतके खोल रोवावे लागतात. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते.

खरी कसोटी जमिनीची. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर अनेक नावे असतात. कुणाची वारसनोंद राहिलेली, कुणी मुंबईला, कुणी पोटहिस्सा तोंडी वाटून घेतलेला. जमीन भोगवटादार वर्ग २ ची किंवा देवस्थानाची असेल, तर हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागते. मोजणी, फेरफार आणि खरेदीखत किंवा भाडेपट्टा झाल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. गावात आधी फिरतो तो एजंट. प्रकल्प कुठे येणार हे त्याला ठाऊक असते आणि शेतकऱ्याला नसते. जमिनीचा भाव या अंतरातच ठरतो. ही माहिती ग्रामसभेसमोर आधी मांडली जाणे न्यायाचे आहे. गायरानाचा प्रश्न वेगळाच : कागदावर ते पडीक असते, मेंढपाळासाठी मात्र तेच चराऊ रान असते आणि मोबदल्याच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

जागा चांगली असली तरी वीज सोडायला जवळ विजेचे उपकेंद्र नसेल, तर तिचा उपयोग नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने (२०१७) म्हणूनच ग्रामीण उपकेंद्रांजवळच्या जमिनी निवडल्या. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. जमीन मालकाकडेच राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

विजेचा दर पूर्वी नियामक आयोग ठरवत. २०१७ पासून पवनऊर्जेतही लिलाव आले. त्या वर्षीच्या पहिल्या केंद्रीय लिलावात दर युनिटला ३.४६ रुपये इतका खाली आला. सर्वांत कमी दर देणाऱ्याशी साधारणतः २५ वर्षांचा वीजखरेदी करार होतो आणि त्याच्या भरवशावर खर्चाचा बराच मोठा हिस्सा कर्जाने उभा राहतो.

पवनचक्कीचे पाते तुकडे करून नेता येत नाही. पन्नास-साठ मीटरचे अखंड पाते घाटातल्या वळणांवरून न्यायचे, तर वळणे रुंद करावी लागतात, झाडे तुटतात, डोंगर खोदला जातो. पवन व सौर प्रकल्पांना सर्वसाधारणपणे पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागत नाही. वनजमिनीसाठी मात्र स्वतंत्र परवानगी लागते. भीमाशंकर परिसरातील पवनप्रकल्पाच्या रस्त्यांनी आणि वृक्षतोडीने झालेल्या हानीची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने (२०११) घेतली होती. हा परिसर शेकरूचा अधिवास आहे. सह्याद्रीतील सडे उघडेबोडके दिसत असले, तरी पावसाळी फुलांनी समृद्ध असतात. त्यांना ‘पडीक’ म्हणणे चूक आहे.

भारतात पवनवीज प्रकल्पांची सुरुवात १९८६ च्या सुमारास झाली. त्यांत ओखा आणि तुतिकोरिन यांच्याबरोबर रत्नागिरीही होते. पुढे साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या दाटल्या. घसाऱ्याची मोठी करसवलत हे त्यामागचे मुख्य कारण. ऊर्जेशी संबंध नसलेल्या उद्योगांनी आणि व्यक्तींनीही एकेक चक्की विकत घेतली. आज सर्वोत्तम वारा असलेल्या या जागा त्या काळच्या लहान यंत्रांनी अडवल्या आहेत. जुन्यांच्या जागी कमी संख्येने मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले गेले. पण मोठ्या यंत्रांना अंतर अधिक लागते आणि दोन चक्क्यांमधली जमीन तिसऱ्याचीच असते. शिवाय प्रत्येक चक्कीचा मालक निराळा, करार निराळा. त्यामुळे येथेही काम पुन्हा सातबाऱ्यापासून सुरू करावे लागते.