कोळशावर धावलेल्या मोटारी : युद्धकाळातील इंधनबदल आणि इंजिनांची दुखणी

१/
कागल तालुक्यातील मुरगूडला १९४२ हे साल आठवते ते हुतात्मा तुकाराम भारमल यांच्यामुळे. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवरील हल्ल्यात प्राणार्पण करणाऱ्या सात जणांपैकी ते एक. त्याच वर्षी सबंध मराठी मुलखाच्या रस्त्यांवर आणखी एक, पुष्कळसा विस्मृतीत गेलेला इतिहास घडत होता. पेट्रोलसाठी घडवलेली मोटार वायूवर चालवण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता.

२/
वेदगंगेच्या खोऱ्यातील मुरगूड हे बाजाराचे गाव. निपाणीहून निघालेला रस्ता मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाटाने कोकणात उतरतो. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. परंतु तिचे रूळ मिरजेहून येऊन कोल्हापुरातच संपले. पुढच्या सर्व गावांचा भार बैलगाडीवर, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून खासगी सर्व्हिस मोटारींवर पडला.

३/
या मोटारी चालत त्या बाहेरून येणाऱ्या तेलावर. हिंदुस्थानात आसामातील दिग्बोईचे तेल होते, पण गरजेच्या मानाने ते थोडे. मोठा आधार होता ब्रह्मदेशाचा आणि इराणी आखाताचा. महायुद्धामुळे १९४१ मध्येच पेट्रोलवर नियंत्रण आले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. पुढच्याच महिन्यात माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनानजाँगच्या तेलविहिरी जपानच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच उद्ध्वस्त केल्या.

४/
उरलेल्या पेट्रोलवर पहिला हक्क सैन्याचा. सर्व्हिस मोटारीच्या मालकाच्या हाती राहिले कूपन, आणि त्यावर मिळणारे पेट्रोल महिनाभर पुरणे अशक्य. गाडी उभी ठेवावी तर धंदा बुडणार आणि गावांचे दळणवळण तुटणार. या पेचातून मार्ग दाखवला तो लाकडी कोळशाने.

५/
युक्ती नवी नव्हती. लाकूड व कोळशापासून वायू काढून त्यावर मोटार चालवण्याचे तंत्र फ्रान्समध्ये जॉर्ज इंबेर यांनी १९२० च्या दशकात विकसित केले होते. युद्धकाळात युरोपने ते सर्रास वापरले. एकट्या स्वीडनमध्ये अशी सत्तर हजारांहून अधिक वाहने धावत होती. जर्मनीत युद्धाच्या अखेरीस हा आकडा सुमारे पाच लाखांवर गेला.

६/
यंत्र दिसायला साधे. गाडीच्या मागे किंवा बाजूला पत्र्याचे उभे पिंप, त्यात वरून कोळसा भरायचा, खाली विस्तव. विस्तवाला हवा मुद्दाम अपुरी द्यायची. कोळसा प्रथम जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू वरच्या लालबुंद कोळशातून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हाच ज्वलनशील वायू गाळून, थंड करून इंजिनात न्यायचा.

७/
या वायूला ‘प्रोड्यूसर गॅस’ म्हणत. लोकांनी मात्र गाडीला ‘कोळशाची गाडी’ म्हटले. वायूत जळणारा भाग म्हणजे २० ते ३० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन. निम्म्याहून अधिक भाग हवेतून आलेल्या, मुळीच न जळणाऱ्या नायट्रोजनचा. समान आकारमानाच्या नैसर्गिक वायूशी तुलना केली तर उष्णता भरते जेमतेम एक-सप्तमांश.

८/
गाडी सुरू करणे हा एक विधीच असे. क्लीनर पहाटे उठून राख काढी, कोळसा भरी, विस्तव घाली आणि हाताने फिरवायच्या पंख्याचे हँडल फिरवीत बसे. पिंपातून निघणारा वायू काडी लावताच नीट पेटू लागला की इंजिनाला हँडल मारायचे. अर्धा तास त्यात सहज जाई. कूपनाचे थोडे पेट्रोल शिल्लक असेल तर इंजिन त्यावर सुरू करून मग वायूवर आणीत.

९/
खरी दुखणी पुढे सुरू होत. पहिले दुखणे ताकदीचे. सिलिंडरमध्ये दर फेरीला मावते तेवढेच मिश्रण शिरते. पेट्रोलची वाफ व हवा यांच्या एक घनमीटर मिश्रणात सुमारे ३.८ मेगाज्यूल उष्णता असते. कोळशाचा वायू व हवा यांच्या मिश्रणात सुमारे २.५. म्हणजे इंजिन तेच, फेरी तीच, पण एक-तृतीयांश जोर पहिल्याच पायरीवर गेलेला.

१०/
त्यात वायूला पिंप, गाळण्या आणि नळ्या यांतून ओढून आणण्याचे कामही इंजिनालाच करावे लागे. गाळणी तुंबली की ओढ आणखी जड. सर्व मिळून निम्म्यापर्यंत ताकद घटे. सपाटीवर हे निभावत असे; चढणीवर उतारूंना खाली उतरून चालावे लागे, प्रसंगी गाडी ढकलावीही लागे. जुन्या पिढीच्या आठवणींत कोळशाची गाडी बहुधा अशी घाटातच भेटते.

११/
दुसरे दुखणे ठिणगीच्या वेळेचे. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा हा वायू सावकाश जळतो. ठिणगी पूर्वीच्याच क्षणी पडली तर पिस्टन खाली निघाला तरी ज्वाला पुरती पसरलेली नसते. जोर वाया जातो आणि जळते वायू धुराड्याकडे निघतात. म्हणून ठिणगी पुष्कळ आधी पाडावी लागे. गाडी पुन्हा पेट्रोलवर आणायची तर तीच जुळणी उलट फिरवायची. एका इंजिनाकडून दोन इंधनांची चाकरी करून घेताना हा कायमचा तंटा होता.

१२/
तिसरे दुखणे उष्णतेचे. विस्तवातून निघालेला वायू तापलेला असतो, आणि तापलेला वायू विरळ असतो. तसाच इंजिनात गेला तर सिलिंडर भरलेला वाटतो, पण आत इंधन कमीच. त्यासाठी गाडीवर लांब नळ्यांची नागमोडी रचना करून वाऱ्यावर वायू थंड करीत. घाटात वेग मंदावला की नळ्यांना वाराही कमी मिळे. ज्या वेळी जोर हवा, नेमका त्याच वेळी तो घटे.

१३/
चौथे दुखणे राखेचे, आणि ते सर्वांत महाग. कोळशाच्या राखेत वाळूसारखे कठीण कण असतात. कापड, काथ्या, पाणी किंवा तेल यांच्या गाळण्यांतूनही बारीक भुकटी निसटे. ती इंजिन-ऑईलमध्ये मिसळली की ऑईल पॉलिशच्या लेपासारखे काम करी : सिलिंडरच्या भिंती, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगा हळूहळू घासल्या जात. ऑईल वारंवार न बदलणाऱ्याचे इंजिन लवकरच खोलावे लागे.

१४/
पाचवे दुखणे डांबराचे. लाकडाचा कोळसा पुरता भाजला नसेल तर त्यातून डांबरी वाफ निघते. गरम असताना ती वायूबरोबर वाहते आणि थंड झाली की चिकटते. संध्याकाळी सुरळीत आलेली गाडी सकाळी हँडललाही दाद देत नसे, कारण आत ओढणारी झडप तिच्या वाटेतच चिकटून बसलेली असे. दोष चालकाचा नसे, फिटरचाही नसे. तो रानातल्या कच्च्या भट्टीचा असे.

१५/
सहावे दुखणे पावसाचे. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला पावसाळ्यात काय कोसळते हे सांगायला नको. कोळशात किंचित ओल असली तर तिच्यापासून थोडा हायड्रोजन मिळतो, हे फायद्याचेच. ओल वाढली की मात्र विस्तवाची धग उतरते, कार्बन मोनॉक्साइड पुरेसा बनत नाही आणि गाळण्यांत पाणी साचते. टपावरची कोळशाची पोती कोरडी राखणे हे पावसाळ्यात इंजिन राखण्याइतकेच महत्त्वाचे काम होते.

१६/
याखेरीज राख वितळून तिचे खंगर जमत आणि हवेची वाट बुजे. पिंपात कोळशाचे तुकडे एकमेकांत अडकून कमान धरत. खाली विस्तव, वर कोळसा आणि मध्ये पोकळी. मग वाटेत थांबायचे, झाकण उघडायचे आणि सळईने ढोसायचे. झाकण उघडताच आत शिरलेल्या हवेने वायूचा भडका उडण्याचा धोका. हे कामही क्लीनरचेच.

१७/
या इतिहासातील गंभीर भाग येथे आहे. इंजिनाला चालवणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारणारा आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. बंदिस्त जागेत पिंप पेटवणे जिवावर बेतू शकते. उघड्यावरही डोके दुखणे, भोवळ, मळमळ ठरलेली. स्वीडनमध्ये युद्धकाळात अशा विषबाधेची प्रकरणे मोठ्या संख्येने नोंदली गेली. पिंपाशी रोज सर्वांत जवळ असणारा माणूस म्हणजे गाडीवरचा सर्वांत कमी पगाराचा नोकर.

१८/
दुसरी किंमत जंगलाने मोजली. मुरगूड ते कोल्हापूर अंतर चाळीसएक किलोमीटर. लिटरला ५ किलोमीटर जाणारी गाडी धरली तर एका खेपेला ८ लिटर पेट्रोल. एका लिटरऐवजी साधारण दीड किलो कोळसा लागतो. म्हणजे १२ किलो. मातीच्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच ते सात किलो लाकूड जाते. म्हणजे केवळ एका बाजूच्या खेपेसाठी ६० ते ८४ किलो लाकूड.

१९/
त्यामागे आणखी एक माणूस उभा आहे : झाडे तोडून, रचून, माती लिंपून, दिवसरात्र भट्टी राखणारा. कोकणात हे काम पुष्कळदा कातकरी कुटुंबांकडे असे. पेट्रोलच्या पिंपामागे ब्रह्मदेशाची तेलविहीर होती. कोळशाच्या पोत्यामागे सह्याद्रीतले श्रम. ‘पर्यायी इंधन’ असे म्हणताना त्या पर्यायाचा भार कोणाकडे सरकला, हा प्रश्न इंजिनाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

२०/
युद्ध १९४५ मध्ये संपले. पेट्रोल पूर्ववत मिळू लागले तसतशी मालकांनी पिंपे उतरवली. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खासगी सर्व्हिस मोटारींचे युग ओसरले आणि त्यांच्याबरोबर कोळशाच्या गाड्याही. त्या टिकल्या नाहीत याचे कारण सरळ होते : लोकांनी त्या निवडल्या नव्हत्या, टंचाईने लादल्या होत्या.

२१/
वायू पुन्हा मोटारीत आला तो अर्ध्या शतकानंतर, आणि वेगळ्या कारणाने. १९९५ मध्ये मुंबईत महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. शहरातील धुराविरुद्ध उच्च न्यायालयात खटले चालले, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर आल्या. त्यांत कुर्ल्याच्या कारखान्यात पेट्रोलसाठी बनलेली प्रीमियर पद्मिनीही होती. या वेळी टंचाई तेलाची नव्हती. स्वच्छ हवेची होती.

२२/
नैसर्गिक वायू बहुतांशी मिथेन. त्यात राख नाही, कोळशाचे डांबर नाही, खंगर नाही. चौथे, पाचवे आणि सहावे दुखणे मुळातूनच गेले. तरीही जुन्या पेट्रोल गाडीत संच बसवल्यावर तक्रारी येतातच, आणि त्या ऐकताना १९४२ चा फिटर चकित झाला नसता. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, म्हणून ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. चढण लागली की ते जाणवते.

२३/
मिथेनची ज्वालाही पेट्रोलपेक्षा संथ. म्हणून ठिणगी थोडी आधी हवी. जुळणी चुकली, प्लग झिजलेला असला किंवा हवेचे प्रमाण बिघडले की इंजिन अडखळते, कधी ज्वाला उलटून आत येण्याच्या नळीत फटका बसतो. पेट्रोलचे थेंब झडपांना थोडा गारवा देतात. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात शिशाचा पातळ थर झडपेच्या बैठकीला सांभाळी. वायू कोरडा आहे, त्यामुळे जुन्या इंजिनांत ती बैठक लवकर झिजते. डिकीतील पोलादी टाकीचे ओझे वेगळेच.

२४/
दोन्ही काळांतील तक्रारी एकत्र वाचल्या की प्रश्न तीनच उरतात. एका फेरीत इंजिनाला किती उष्णता मिळते? ठिणगी ज्वालेच्या वेगाशी जुळते का? इंधन आत येते ते कोणत्या अवस्थेत : गरम की थंड, कोरडे की ओले, स्वच्छ की मळके? इंजिन हे एका विशिष्ट इंधनाशी केलेला करार असते. इंधन बदलले की कराराचे प्रत्येक कलम पुन्हा तपासावे लागते. न तपासलेले कलम घाटात उघडे पडते.

२५/
वायू गाळणे, सुकवणे आणि सुमारे दोनशे पट दाबाने टाकीत भरणे ही कामे आज गाडीपासून दूर, प्रकल्पांत आणि पंपांवरच्या यंत्रांत उरकतात. चालकाला दिसते ती फक्त एक नळी आणि काट्याची तबकडी. ऐंशी वर्षांपूर्वी ही सारी कामे धावत्या गाडीवर, उतारूंच्या पाठीमागे, एक माणूस पत्र्याच्या पिंपाशी उभा राहून करीत असे. पहाटे सर्वांच्या आधी तो उठे आणि दिवसभर त्या विस्तवाचा वायू श्वासात घेई. इतिहासात त्याचे नाव नाही; पण मराठी मुलखातल्या सर्व्हिस मोटारी त्या वर्षांत चालू राहिल्या त्यात त्याचा वाटा मोठा होता.