गोवा पावडर: झाडातून ट्यूबपर्यंत

माझ्या कोपरांवर चार वर्षं सोरायसिस आहे आणि घरात वाद ठरलेला: डॉक्टरांचं मलम की ‘नॅचरल’ उपाय? मला यावर एक जुनी गोष्ट आठवते.

ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडात पिवळसर पावडर सापडते. पोर्तुगीज व्यापारातून ती गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून गजकर्णावर वापरली जाऊ लागली. १८७६ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्या लक्षात आलं, की सोरायसिसवरही ती चालते. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला, तेव्हा १९१६ मध्ये जर्मनीत तिच्याच जातीचं रसायन पुढे आलं: डिथ्रॅनॉल.

आता गंमत बघा. पावडरीने कातडीची आग व्हायची, कपड्यांना डाग पडायचे. डिथ्रॅनॉलनेही तेच होतं! पण त्याचं प्रमाण ठरवता येतं: किती टक्के, किती मिनिटं.

म्हणून कुणी लेप सुचवला, की तो झाडाचा आहे का, हे मी विचारत नाही. विचारतो: यात काय आहे, किती आहे, त्रास झाला तर काय करायचं? डॉक्टरांच्या मलमालाही हेच प्रश्न. उत्तर मिळालं, तरच ते कोपराला लागतं.