मुंबई–कराची : 1932 साली सव्वासात तास, आणि आज?

ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि मुंबई विमानतळापासून कराची विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढा. अंतर येईल साधारण 880 किलोमीटर. म्हणजे दिल्लीपेक्षाही कराची आपल्याला जवळ! आजचं जेट विमान दीड-दोन तासांत पोचवेल. आता थेट विमानाचं तिकीट शोधा. नाही ना सापडत?

मग चला, 1932 मध्ये जाऊ.

तेव्हा लंडनहून इंपीरियल एअरवेजची टपाल विमानानं कराचीला यायची. मुंबईची पत्रं तिथून पुढे रेल्वेनं. मध्ये कच्छचं रण, त्यामुळे रेल्वेचा रस्ता मारवाडाकडून वळसा घालून. हा वेळ वाचवायचा म्हणून जे. आर. डी. टाटा आणि नेव्हिल विन्सेंट यांनी टपालविमानाची योजना मांडली.

15 ऑक्टोबर 1932. पहाटे कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडी एकटेच निघाले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं, वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास. अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. सगळं मिळून सव्वासात तासांच्या आसपास. पुढची टपाल विन्सेंट मद्रासला घेऊन गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच.

पण मला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी जेआरडींनी कुठलीही देशाची सीमा ओलांडली नाही. निघाले आणि उतरले ती दोन्ही ठिकाणं तर एकाच प्रांतात! सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला 1 एप्रिल 1936 ला. सरकारी नोकरीनिमित्त मराठी माणसं कराचीला जायची. तिथली एक जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखली जाते.

1947 ला मध्ये सीमा आली. 1971 ते 1976 विमानं बंद. पुन्हा सुरू झाली. 1982 मध्ये पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली, तेव्हा 78 वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन पुन्हा कराची ते जुहू एकटे उडाले. मध्ये 1965 आणि 1971 ची युद्धं होऊन गेली होती, तरी तेवढी वाट मोकळी होती.

नंतर थेट विमानसेवा बंद पडली. एप्रिल 2025 मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

आता जायचं कसं? आधी व्हिसा मिळायला हवा. मिळालाच, तर दुबईमार्गे. मुंबई–दुबई सुमारे 1,900 किलोमीटर, दुबई–कराची सुमारे 1,200. म्हणजे 880 चे झाले 3,100! हवेतच पाचेक तास, वर दुबईत दुसऱ्या विमानाची वाट बघणं. जेआरडींच्या सव्वासात तासांत पोचलात तरी नशीब समजा.

इंजिनं पाचपट वेगवान झाली आणि प्रवास लांबला. ज्यांचे आजोबा-पणजोबा कराचीहून मुंबईला, उल्हासनगरला आले, त्या सिंधी घरांना हा हिशोब आकड्यांशिवायही कळतो. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर एकदा विचारा : तेव्हा तुम्ही कसे आलात, किती दिवस लागले? आणि उत्तर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!