उसने इंजिन आणि आपले हात

एखादी अतिवेगवान मोटारगाडी, जिला हल्ली सर्वत्र सुपरकार म्हणतात, बाजारात यावयाची असली म्हणजे तिच्या आधी तिच्या वार्ता येतात. कोणी तिचे कापडाखाली झाकलेले छायाचित्र दाखवितो. कोणी सांगतो की दिवे अमक्या गाडीचेच आहेत. कोणी म्हणतो, इंजिन जुनेच असून त्याला विजेची मोटर तेवढी जोडली आहे. मग वाद माजतो. जिची किंमत कोटींत मोजावयाची, तिच्या अंगावर दुसऱ्याचे सुटे भाग असावेत काय? ही फसवणूक नव्हे काय?

आम्ही मोटारींचे शौकीन नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले, आणि यंत्रांविषयी जे काही शिकलो ते फिटर-टर्नर मंडळींच्या तोंडून व रात्री वाचलेल्या पुस्तकांतून. परंतु हा वाद ऐकताना आम्हांला असे वाटते की प्रश्न अर्धाच विचारला जात आहे. भाग कोणाचा, एवढे आपण विचारतो. तो भाग घडविण्याची विद्या शेवटी कोणाच्या हाती राहिली, हे विचारीत नाही. इतिहासाने खरे महत्त्व दिले आहे ते या दुसऱ्या प्रश्नाला.

वांद्रेकरांनी तर तो अवश्य विचारावा. येथल्या वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये टेस्ला या अमेरिकन कंपनीने भारतातील आपले पहिले दालन उघडले. तेथे मांडलेल्या गाड्या परदेशात तयार होऊन आलेल्या होत्या. लोक पाहावयास गेले, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्या संकुलाच्या नावातील दुसरा शब्द ‘कुर्ला’ असा आहे, आणि कुर्ल्यात एके काळी गाड्या नुसत्या पाहिल्या जात नव्हत्या, घडविल्या जात होत्या. आजचा विषय या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

प्रथम उसनवारीचा विचार करू. लॅम्बोर्गिनी या इटालियन कंपनीच्या ‘डायाब्लो’ या गाडीला १९९९ च्या सुधारणेत पुढचे दिवे लाभले ते जपानच्या निस्सान कंपनीच्या एका गाडीचे. जग्वारच्या ‘एक्सजे २२०’ या गाडीचे मागचे दिवे रोव्हर कंपनीच्या साध्या घरगुती गाडीचे होते. लॅम्बोर्गिनीची ‘हुराकान’ आणि ऑडीची ‘आर ८’ या दोन्ही गाड्यांत दहा सिलिंडरांचे इंजिन एकाच घराण्याचे आणि ढाचाही एकाच कुळातला. कारण लॅम्बोर्गिनी ही १९९८ पासून ऑडीच्याच मालकीची आहे.

असे का करतात? हिशेब सोपा आहे. दिवा घडवावयाचा तर त्याचा साचा करावा लागतो, काच व परावर्तक तपासावे लागतात, निरनिराळ्या देशांच्या सरकारांची मान्यता मिळवावी लागते. साचा शंभर नगांसाठी केला काय नि लाख नगांसाठी केला काय, साच्याचा खर्च तोच. जी गाडी वर्षाला काही शेच निघावयाची, तिने प्रत्येक खिळा स्वतः घडविण्याचा हट्ट धरला तर कंपनी बुडेल. तेव्हा सुटे भाग सामाईक असणे ही लबाडी नव्हे. तो कारखानदारीचा जुना व्यवहार आहे. लबाडी असलीच तर ती लपविण्यात.

आता कुर्ल्याकडे वळू. मुंबईत मोटारींची जुळणी परकीयांनी सुरू केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीस कारखाना काढला. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि येथे ते जोडून गाडी उभी करावयाची. भाग जोडणारे हात आपले, बाकी सारे त्यांचे. ही स्थिती बदलावी म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना आखली. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा त्याने तिला अनुकूलता दाखविली. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने दाखविली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तो धागा सोडला नाही. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली.

पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून भारत सरकारने असे धोरण ठरविले की ज्यांच्याजवळ क्रमाक्रमाने सुटे भाग येथेच बनविण्याची योजना नाही त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा बंद करावा. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली. तिने इटलीच्या फियाटशी करार करून ‘११००’ ही गाडी घेतली. एक-एक भाग परदेशी पेटीतून निघून येथल्या लेथवर व प्रेसवर येऊ लागला. कुर्ला-घाटकोपरपासून भांडुप-मुलुंडपर्यंत जी अभियांत्रिकी कारखान्यांची रांग उभी राहिली, तिला बळ मिळाले ते अशा मोठ्या कारखान्यांच्या मागणीतून. कोठे गास्केट, कोठे स्प्रिंग, कोठे बोल्ट. गावाकडून आलेला मुलगा तेथे आधी झाडू मारी, मग हेल्पर होई, आणि काही वर्षांनी मायक्रोमीटर हाती धरी. आमच्या मते या उपनगरांचे खरे विद्यापीठ ते होते.

तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने निघू लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप लोकांच्या मनात ठसले ते तिचेच. सामाईक भागांचा गुण पाहावयाचा असेल तर तो या टॅक्सीत पाहावा. साल बदलले, नाव बदलले, तरी आतले यंत्र बहुतांशी तेच. त्यामुळे जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला बसे, आणि गल्लीतला मिस्त्री तासा-दोन तासांत गाडी पुन्हा रस्त्यावर आणी. कुर्ल्याच्या रस्त्यालगत जुन्या सुट्या भागांचा जो बाजार वाढला, त्याच्यावर हजारो टॅक्सीवाल्यांचा संसार चालला. उत्पादन थांबल्यावरही ही गाडी वीस-बावीस वर्षे धावली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली.

परंतु तोच गुण दोषही ठरला. गाडी तीच, कारण नकाशा तोच. आणि नकाशा तोच, कारण तो इटलीहून आलेला. बाजारात गाड्या कमी, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे. मग नवा नकाशा काढण्याची निकड कोणास वाटावी? १९८५ मध्ये कंपनीने ‘११८ एनई’ ही नवी गाडी काढली. तिचा सांगाडा फियाटच्या एका जुन्या गाडीचा, स्पेनमध्ये वापरून झालेल्या साच्यांवरचा. आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. नावातील ‘एनई’ ही अक्षरे त्या निस्सान इंजिनाचीच. दोन देशांची उसनवारी एका गाडीत आली, पण उसने घेताना शिकावयाचे असते ते शिकून पुढची गाडी मात्र निघाली नाही.

याच कारखान्यातील प्रोत्साहन-वेतनाच्या एका वादावर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औद्योगिक कायद्यानेच जन्मास घातलेल्या हक्काची दाद त्याच कायद्याच्या वाटेने मागावी, दिवाणी न्यायालयात नव्हे, असे तत्त्व त्यात सांगितले गेले. पुढे अनेक दशके कामगार-वकील तो निकाल वाचून दाखवीत. त्या वादाच्या मुळाशी नगामागे किती पैसे, हा प्रश्न होता, आणि तो न्याय्यच प्रश्न होय. पण नगाचा नकाशा कोण काढणार, हा प्रश्न आपल्या देशात वाटाघाटीच्या टेबलावर क्वचितच येतो. नव्या शतकाच्या तोंडावर कुर्ल्याचे काम थांबले आणि तेथील कामगारांची विद्या चहूकडे पांगली. कोणी गॅरेज काढले, कोणी राखणदारी पत्करली. ज्याचा हात सूताच्या दहाव्या हिश्शाचा फरक ओळखी, तो हात निकामी झाला. यंत्र विकता येते, जमीन विकता येते. हातातले कसब विकून दुसरीकडे ठेवता येत नाही. ते शिकवावे लागते, नाहीतर ते माणसाबरोबर जाते.

हे अटळ होते काय? पिंपरी-चिंचवडकडे पाहिले तर तसे वाटत नाही. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. १९६९ मध्ये तो संपला, पण तोवर शिकणे झाले होते. सुमंत मुळगावकर यांच्या देखरेखीखाली १९६६ मध्ये पुण्यास अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभे राहिले, आणि पुण्याच्या कारखान्यात उमेदवारांचे प्रशिक्षण व हत्यारे-साचे घडविण्याची शाळा यांस यंत्रांइतकेच महत्त्व मिळाले. त्यांतून १९८६ मध्ये ‘४०७’ हा हलका ट्रक निघाला आणि १९९८ मध्ये ‘इंडिका’. इंडिकाच्या बाह्य रूपास इटलीतील तूरिनच्या रेखनकारांचा हात लागला होता. पण काय हवे हे सांगणारे येथले होते आणि इंजिन येथे घडत होते. उसनवारी तेथेही होती. फरक इतकाच की एकाने उसने शाळेसारखे वापरले, दुसऱ्याने भाड्याच्या घरासारखे.

ही कसोटी आता आपल्याकडील अतिवेगवान गाड्यांना लावू. मुंबईचे रेखनकार दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने ‘अवंती’ ही गाडी दिल्लीच्या प्रदर्शनात २०१२ मध्ये मांडली. तिच्यात फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे सुमारे २५० अश्वशक्तीचे इंजिन पुढे बसविले गेले. मुंबईच्याच वाझीरानी कंपनीने २०१८ मध्ये इंग्लंडातील गुडवूड येथे ‘शूल’ नावाचा नमुना दाखविला. त्याची कल्पना अशी की लहान टर्बाइनने वीज निर्माण करावी, ती बॅटरीत साठवावी, आणि चाके विजेच्या मोटरींनी फिरवावी. अशा गाड्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. इंजिन उसने म्हणून गाडी खोटी, असे म्हणू लागलो तर जगातील निम्म्या गाड्या खोट्या ठरतील. पण नमुना एक असतो आणि कारखाना वेगळा. नमुन्यास चार कुशल कारागीर पुरतात. कारखान्यास शिकलेल्या माणसांची पिढी लागते.

‘शूल’च्या निमित्ताने संकरित, म्हणजे हायब्रीड तंत्राचा विषय आलाच आहे. हे तंत्र नवे नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीसाठी अशी गाडी केली की जिच्यात पेट्रोलच्या इंजिनाने वीज तयार होई आणि चाकांतल्या मोटरी त्या विजेवर फिरत. टोयोटाची ‘प्रियस’ १९९७ मध्ये जपानात विकावयास आली. लॅम्बोर्गिनीच्या २०२३ च्या ‘रेव्हुएल्तो’त बारा सिलिंडरांचे इंजिन आणि तीन विजेच्या मोटरी मिळून सुमारे १,००० अश्वशक्ती निघते.

यातील मर्म आपण रोज लोकलमध्ये अनुभवतो. ब्रेक दाबला की साध्या गाडीत गती घर्षणाने उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर असेल तर तीच उलट्या कामास लावून जनित्र करता येते. चाक मंदावते आणि वीज परत मिळते. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती मुंबईहून कुर्ल्यास; आमच्या वांद्र्यातून विजेची लोकल जानेवारी १९२८ पासून जाऊ लागली. २००७ नंतर आलेल्या नव्या लोकल गाड्या थांबताना वीज वरच्या तारेला परत देतात. मोटारीला तार नाही, म्हणून ती वीज बॅटरीत ठेवावयाची, एवढाच फरक. वांद्रे-कुर्ला संकुलात मार्च २०१८ मध्ये टाटांच्या पंचवीस संकरित बसगाड्या आल्या, त्या याच तत्त्वावर. कोटींची गाडी आणि तिकिटाची बस यांचे तंत्र मुळात एकच, हे ध्यानात घ्यावे.

आणि येथेच आमच्या कामगारांचा प्रश्न उभा राहतो. संपूर्ण विजेच्या गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, पाच-सहा गिअरांची पेटी नाही. या वस्तू घडविणारे हात महाराष्ट्रात लक्षावधी आहेत, पुण्यात, नाशकात, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. संकरित गाडीत मात्र इंजिनही आहे आणि मोटरही आहे. ती जुन्या विद्येला एकदम हाकलीत नाही. काही वर्षांची सवड देते. ही सवड कोणी कशी वापरावी, यावर सारे अवलंबून आहे. इंजिनाच्या खात्यातील माणसास मोटरचे वेटोळे, बॅटरी, नियंत्रक ही विद्या कामाच्या वेळात, पूर्ण पगारावर शिकविली, तर सवड सार्थकी लागेल. मालक नवे भाग पेट्यांतून मागवीत राहिले आणि माणसे फाटकाबाहेर जात राहिली, तर आपण पुन्हा १९२८ च्या शिवडीस येऊन पोहोचू. आमच्या मते पुढील करारांत पगारवाढीच्या कलमाशेजारी शिक्षणाचे कलम असलेच पाहिजे. आणि मालकानेही ते खर्चाच्या नव्हे, भांडवलाच्या रकान्यात लिहावे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी नव्या गाडीची वार्ता येईल, तिचे दिवे कोणाचे नि इंजिन कोणाचे याची चर्चा रंगेल, तेव्हा ती जरूर करा. तीत ज्ञान आहे आणि मौजही आहे. पण सोबत आणखी दोन गोष्टी विचारा. हा उसना भाग येथे घडविण्यास किती वर्षे दिली आहेत? आणि तो घडविण्यास कोणाला शिकविणे चालू आहे? ज्या गाडीबाबत या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतील, ती कितीही उसनी असली तरी आपली होऊ शकेल.