एका घरातल्या दोन पेन्शन

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आमच्या घरातली दोन म्हातारी माणसे हयातीचा दाखला द्यायला एकाच बँकेत जात. थोरले काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि माझे वडील संरक्षण खात्याच्याच एका कार्यालयातून मुलकी कारकून म्हणून. दोघांची पेन्शन संरक्षण खात्याच्याच खर्चात पडायची. पण रांगेतली माणसे काकांना पाहून म्हणत, ‘‘या फौजी, बसा.’’ वडिलांना म्हणत, ‘‘तुमचे काय बुवा, सरकारी जावई!’’ काका संकोचून बसत. वडील हसत आणि उभे राहत.

ते हसणे मला पुढे फार वर्षे छळत राहिले. सैनिकाची पेन्शन हे ऋण आणि कारकुनाची पेन्शन ही चैन, हा भेद आपल्या मनात कधी आणि कसा रुजला, याचा शोध मी त्यामुळेच घेऊ लागलो. या लेखात मांडतो आहे ते त्या शोधात हाती लागलेले काही धागे.

महाराष्ट्रात पेन्शन हा शब्द राजकारणाच्या दाराने आला. जून १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाने जॉन माल्कमच्या स्वाधीन होताना वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक पदरात पाडून घेतली आणि तो बिठूरला जाऊन राहिला. जानेवारी १८५१मध्ये तो वारला, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाला ही पेन्शन पुढे चालू ठेवायला डलहौसीने नकार दिला. नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवले, तरी उपयोग झाला नाही. पुढचे १८५७ आपल्याला ठाऊक आहे. इथे पेन्शन म्हणजे देणाऱ्याची मर्जी होती. दिली तर कृपा, थांबवली तर दाद कुठे मागायची?

सरकारने ही मर्जी कायद्यातही बसवली. १८७१च्या पेन्शन कायद्याने पेन्शनविषयक दावे दिवाणी न्यायालयात चालवण्यावर बंदी घातली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: सावकाराला कर्जापोटी पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही. एक दार बंद आणि एक भिंत भक्कम. पेन्शनरने सरकारपुढे हक्क सांगू नये, पण सावकारापासून तो सुरक्षित राहावा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

या भिंतीच्या आडोशाने काय घडू शकते, हे पाहायचे तर कोकणात दापोलीला जावे लागते. तिथल्या कॅम्पात निवृत्त सैनिकांची वस्ती होती आणि त्यांत महार सैनिक पुष्कळ होते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त झाल्यावर आधी दापोलीलाच आले. गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातले पेन्शनर. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी तयार केलेले विनंतीपत्र हा दलित चळवळीच्या आरंभकाळातला महत्त्वाचा दस्तऐवज आहे. यातला आर्थिक भाग आपण सहसा नजरेआड करतो. गावकीची कामे आणि बलुत्याची भाकर यांवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याला गावाविरुद्ध बोलणे परवडत नाही. पेन्शनरची रोकड गावाबाहेरून येत होती. ती पाटलाच्या हातात नव्हती. पेन्शनने माणसाला म्हातारपणी भाकरी दिली, त्याचबरोबर बोलण्याची मोकळीकही दिली.

मुलकी पेन्शनरचे चित्र याच काळात वेगळे तयार होत होते. पुणे ‘पेन्शनरांचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सकाळी फेरफटका, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी बाकावर बसून साऱ्या जगाची हजेरी घेणे. या चित्रात थट्टा होती, थोडी असूयाही होती. नोकरीत असताना त्याला खर्डेघाशा म्हणायचे आणि निवृत्त झाल्यावर सुखी माणूस! त्याने तीस-पस्तीस वर्षे नेमके काय केले, हे कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. सैनिकाचे काम कुणी पाहिलेले नसले तरी त्याची प्रतिमा मनात असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जवानांची आठवण गाव अजून जपते. टपाल वाटणाऱ्या, सातबारा लिहिणाऱ्या किंवा लस टोचणाऱ्या माणसाच्या नावाने कुठले गाव ओळखले जाते?

शिवाय मुलकी कर्मचाऱ्याशी लोकांची गाठ पडते ती खिडकीपाशी. अडलेला दाखला, ‘उद्या या’ हे उत्तर, टेबलाखालून सरकवावे लागलेले पाकीट, हे अनुभव खोटे नाहीत. सरकारी नोकरांविषयीचा राग केवळ मत्सरातून येतो असे म्हणणे म्हणजे त्या अनुभवांचा अपमान करणे आहे. सैनिक मात्र आपल्याला भेटतो तो सुट्टीवर आलेला, ट्रंक खांद्यावर घेतलेला. त्याच्यापुढे आपण कधी अर्ज घेऊन उभे राहिलेलो नसतो.

कायद्याने मात्र या दोघांना एकाच पंक्तीत बसवले. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नसून हक्क आहे, असे ठरवले. त्याहून महत्त्वाचा निकाल १७ डिसेंबर १९८२चा, डी. एस. नकारा खटल्यातला. केंद्र सरकारने पेन्शनचे सूत्र उदार केले होते, पण त्याचा लाभ ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला होता. मुलकी कर्मचाऱ्यांसाठी ती तारीख होती ३१ मार्च १९७९. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ही तारखेची भिंत पाडली. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की पेन्शन म्हणजे उपकार नव्हे. उमेदीच्या वर्षांत केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि वृद्धापकाळी सन्मानाने जगण्याची ती सोय आहे. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर आजही आपला दिवस म्हणून पाळतात.

या खटल्यातले अर्जदार कोण होते, हे वाचताना मी थबकलो. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते नकारा संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले मुलकी अधिकारी. त्यांच्या सोबतीला सैन्यातून निवृत्त झालेले दुसरे अर्जदार आणि तिसरी ‘कॉमन कॉज’ ही संस्था. म्हणजे ‘बाबू’ आणि ‘फौजी’ एकाच अर्जावर सह्या करून न्यायालयात गेले होते. मी हे काकांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘हे तुझ्या बापाला सांग. त्याला बरे वाटेल.’’

दोघांची गरज सारखीच होती असे मात्र मी म्हणणार नाही. साध्या शिपायाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन मिळते आणि तो पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. काका परतले तेव्हा त्यांची मुले प्राथमिक शाळेत होती. पुढची वीस वर्षे त्यांनी एका साखर कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी केली. वडील साठाव्या वर्षापर्यंत पूर्ण पगारावर होते, दर वेतन आयोगाचा लाभ त्यांना नोकरीत असतानाच मिळत गेला. लवकर घरी पाठवलेल्या माणसाची पेन्शन जुन्या पगारावर बेतलेली राहते आणि वर्षे जातील तशी मागे पडते. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ या मागणीचे मूळ इथे आहे. तिच्यामागे शौर्याच्या बक्षिसीपेक्षा साधा हिशेब आहे.

पण हा हिशेब पुढे ठेवताच कृतज्ञतेचा सूर बदलतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने नकारा निकालातून ही मागणी आपोआप सिद्ध होत नाही असे सांगितले. २००८-०९मध्ये माजी सैनिकांनी आपली पदके परत केली. डिसेंबर २०११मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने मागणी मान्य करण्याची शिफारस केली. तरीही जून २०१५मध्ये म्हाताऱ्या सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी त्यांना तिथून हटवायला पोलीस आले. शेवटी नोव्हेंबर २०१५मध्ये आदेश निघाला, १ जुलै २०१४पासून लागू होणारा आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा घेणारा. नुसत्या उपकाराच्या भावनेवर सैनिकाचेही भागले नाही. त्यालाही हक्काचीच भाषा बोलावी लागली.

तोवर मुलकी बाजूला दार बंद झाले होते. १ जानेवारी २००४पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५पासून महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन उरली नाही. त्यांची निवृत्ती बाजाराशी जोडली गेली. सैन्यदले वगळली गेली. मार्च २०२३मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. १९७७-७८च्या ५४ दिवसांच्या संपाची आठवण सांगणारे तेव्हा थोडेच उरले होते. समाजाची प्रतिक्रिया तीव्र होती. ‘आम्ही निम्म्या पगारात काम करतो, यांना घरी पाठवा’ असे निरोप माझ्याही फोनवर आले. त्यांतल्या एका मुलाला मी ओळखतो. तो पदवीधर आहे, पाच वर्षे स्पर्धा परीक्षा देतो आहे. ज्याच्या वडिलांनी खासगी कारखान्यात जन्म घालवला आणि ज्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून महिना हजार-दीड हजारांची पेन्शन येते, त्याने दुसऱ्याच्या हक्कावर टाळ्या का वाजवाव्यात? त्याचा राग मला कळतो. फक्त तो शेजारच्याची भाकरी काढून घ्यायला निघाला आहे, आपली मागायला नाही, एवढेच मला त्याला सांगावेसे वाटते.

फौजी आणि मुलकी यांतली रेषाही आता पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही. गडचिरोलीच्या जंगलात उभा असलेला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान गणवेशात आहे, त्याच्या हाती शस्त्र आहे. तरी २००४नंतर भरती झाला असेल तर नव्या पेन्शनच्या बाजूला. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये या दलांना जुन्या पेन्शनचा हक्क मान्य केला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दुसरीकडे जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर ज्यांना सैन्यात कायम केले जाणार नाही, त्या अग्निवीरांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही. ज्याच्या पेन्शनबद्दल समाजात कधीच वाद नव्हता, त्याचीच पेन्शन सर्वांत आधी पूर्ण नाहीशी झाली. कृतज्ञता हा किती कच्चा पाया आहे, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

काका आणि वडील दोघेही आता नाहीत. काकांचा नातू अग्निवीर आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, २००५नंतर लागलेली. गेल्या दिवाळीत दोघे ओसरीवर बसून आकडेमोड करत होते. त्याला चार वर्षांनी काय उरेल आणि तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी काय. बँकेच्या त्या रांगेत जो भेद लोकांनी केला होता, तो त्यांच्यात नव्हता. दोघांचाही प्रश्न एकच होता आणि नकारा खटल्याच्या अर्जावर एकत्र आलेल्या त्या माणसांचाही तोच होता: उमेदीची वर्षे ज्याला दिली, त्याने म्हातारपणी आपल्याला ओळख द्यावी की नाही?

मी त्यांच्या कागदाकडे पाहिले. बेरीज दोघांचीही अपुरी होती.