खासगी, डबा आणि खाते

‘खाजगी’ हा शब्द आपण आज इतक्या सहजपणे वापरतो की एके काळी तो हिशेबाचाही शब्द होता, याचे भान राहत नाही. होळकरांच्या कारभारात उत्पन्नाच्या दोन बाजू होत्या, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा आणि फौजेचा पैसा. खासगी म्हणजे घराण्यातील प्रमुख स्त्रीच्या अधिकारातील उत्पन्न. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंचे घाट, मंदिरे, धर्मशाळा यांच्या खर्चाचा विचार या खासगीला वगळून करता येत नाही. मोहिमांवर असलेल्या तुकोजीरावांना पैशाची सदैव निकड असे. तरीही खासगीची शिलक ही दौलतीची शिलक मानली गेली नाही.

घराणे एक, पण पैशाच्या वाटा दोन. ही विभागणी टिकली, कारण वेगळ्या नावामागे वेगळा हक्क होता. आपल्या धर्मशास्त्रातही याचे मूळ सापडते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’ने स्त्रीधनाची व्याप्ती वाढवली आणि वारशाने किंवा वाटणीत मिळालेले धनही त्यात धरले. व्यवहारात या हक्काचे काय झाले हा निराळा प्रश्न आहे. परंतु एकाच घरातल्या पैशावर वेगवेगळी नाती कोरता येतात, हा विचार आपल्याकडे जुना आहे.

सामान्य घरांत सनदा नव्हत्या. तिथे डबे होते. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कामगाराचा पगार हाती पडताच त्याचे भाग होत: खानावळ, खोलीचे भाडे, भिशी आणि गावची मनीऑर्डर. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, टपाल बचत बँक १८८२ मध्ये. बिऱ्हाड शहरात आले की हिशेब गृहिणीच्या हाती येई. वाण्याचे पैसे एका पुडीत, शाळेच्या फीचे दुसऱ्या, आणि डाळीच्या डब्याच्या तळाशी कुणालाही न सांगितलेली शिल्लक. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की माणसे सगळे रुपये किंवा डॉलर सारखे मानीत नाहीत. त्यांवर हेतूची खूण करतात. रिचर्ड थेलर यांनी त्यालाच मनातील हिशेब म्हटले. आमच्या मते या विवेचनात डब्याची एक गोष्ट अधिक ठळकपणे यायला हवी. डबा पैशाला नुसते नाव देत नाही, त्याची जागाही बदलतो. तळाशी ठेवलेला पैसा घेण्यासाठी कुणाला तरी डाळ उपसावी लागते.

गिरगाव-लालबागची बिऱ्हाडे बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडे सरकली आणि पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा डबे खात्यात शिरले. आवर्ती ठेव मुलीच्या शिक्षणाची, मुदत ठेव आजारपणाची. आता तर मोबाइलवर एकाच खात्याचे कप्पे पाडून त्यांना ‘गणपती’, ‘गावचे घर’ अशी नावे देता येतात. गृहनिर्माण संस्थांचेही तेच. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी गोळा करायचे असतात. बिलावर सदरे वेगळी असतात. बँक मात्र अनेकदा एकच असते.

या नावांची कसोटी २३ सप्टेंबर २०१९ रोजी लागली. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असे सांगितले गेले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. पण त्या दिवशी शस्त्रक्रियेचा पैसा आणि सहलीचा पैसा यांत फरक उरला नाही. खातेदाराने वर्षानुवर्षे जपलेली सदरे बँकेच्या दारात पुसली गेली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या ५ लाखांपलीकडची वैयक्तिक ठेवीदारांची रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांवर तीच वेळ आली. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

ठेव विम्याचा नियम येथे बारकाईने वाचण्यासारखा आहे. १९६२ मध्ये १,५०० रुपयांच्या मर्यादेने सुरू झालेले हे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचे आहे. मात्र एका व्यक्तीच्या एका बँकेतील सर्व शाखांतल्या बचत, आवर्ती व मुदत ठेवी व्याजासह एकत्र धरल्या जातात. कप्पा कोणत्या नावाचा, हे विचारले जात नाही. ठेव कोणत्या नात्याने आणि कोणत्या हक्काने ठेवली, एवढेच पाहिले जाते. अज्ञान मुलाचा पालक म्हणून ठेवलेली रक्कम वेगळी मोजतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते खाते वेगळे ठरते.

म्हणजे कायदा नकळत खासगीच्याच तत्त्वावर उभा आहे. नावाने मन आवरते, उधळपट्टी थांबते. हे मोल कमी नाही. संकटात मात्र नावामागचा हक्कच विचारला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने कथा-कादंबऱ्यांतील घरखर्चाचे प्रसंग वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा: पैसा कशासाठी राखला आहे, आणि तो मोडण्याचा अधिकार कुणाचा आहे. अनेक घरांत कप्प्याला नाव गृहिणी देते आणि खाते पतीच्या एकट्याच्या नावे असते. अशा घरात आजही दौलत आहे, खासगी नाही.