जिंगो शब्दाचे कूळ

स्वराष्ट्राच्या सामर्थ्याचा डंका पिटीत युद्धासाठी उतावीळ होणाऱ्यास इंग्रजीत जे ‘जिंगो’ असे नाव आहे, त्याचे मूळ कोणत्याही सेनापतीच्या दफ्तरात नसून गारुड्याच्या बडबडीत आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातील जादूगार पोतडीतून वस्तू काढून दाखविताना हा निरर्थक शब्द उच्चारीत. पुढे 1694 साली राबले या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात, मुळात जेथे ईश्वराची शपथ होती तेथे, पीटर मोटो याने ‘जिंगोची शपथ’ घातली. देवाचे नाव उच्चारण्याचे पातक टळावे आणि शपथेचा जोर तर राहावा, ही सोय त्यात होती. बास्क भाषेतील देववाचक शब्दाशी काहींनी त्याचे नाते जोडले आहे. परंतु त्यास पुरावा नाही, आणि केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून कूळ ठरविणे मला मान्य नाही.

या निरुपद्रवी शपथेला युद्धाचा रंग चढला तो 1877-78 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात. रशियन फौज कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीपाशी येऊन ठेपली, पंतप्रधान डिझरायलीने दार्दनेल्सच्या सामुद्रधुनीतून आरमार पुढे धाडले, आणि त्याच सुमारास लंडनच्या संगीतगृहांत जी. डब्ल्यू. हंट याने रचलेले व मॅकडरमॉट याने गाजविलेले एक गीत दुमदुमू लागले. आपली जहाजे, आपली माणसे, आपला पैसा यांची बढाई आणि तिच्या समर्थनार्थ जिंगोची शपथ, एवढाच त्याचा ऐवज. पण श्रोते ध्रुपदाला सामील होत आणि बाहेर पडत ते चेतलेल्या मनाने. युद्धाला विरोध करणाऱ्यांच्या सभा उधळल्या गेल्या, युद्धविरोधी नेता ग्लॅडस्टन याच्या घराच्या खिडक्यांवर दगड पडले. तेव्हा 13 मार्च 1878 रोजी ‘डेली न्यूज’ पत्रातून जॉर्ज होलिओक याने या मंडळींना ‘जिंगो’ अशी संज्ञा दिली, आणि जिच्या आधारे ते गर्जत होते ती शपथच त्यांच्या कपाळी कायमची चिकटली. होलिओक हा सहकारी चळवळीचा कैवारी; ईश्वरनिंदेच्या आरोपावरून 1842 साली सहा महिने कारावास भोगलेला. अशा पुरुषाने एका शपथेलाच दूषण बनवावे, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

बोअर युद्ध चालू असतानाच, 1901 साली, इंग्रज अर्थतज्ज्ञ जे. ए. हॉब्सनने या मनोवृत्तीची स्वतंत्र ग्रंथातून चिकित्सा केली आणि संगीतगृहांवर व वृत्तपत्रांवर उघड ठपका ठेवला.

परंतु त्या गीतातील ‘माणसे’ कोण, हे आपण मराठी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. 1878 च्या वसंतात डिझरायलीने रशियाला धाक घालण्यासाठी सुमारे 7000 हिंदी शिपाई माल्टा बेटावर रवाना केले, ते मुंबई बंदरातून. आणि ज्या किनाऱ्यावरून ती जहाजे सुटली, त्यामागचा दख्खनचा मुलूख 1876 पासूनच्या भीषण दुष्काळाने पोळून निघालेला होता. लंडनच्या श्रोत्यांपैकी कोणालाही त्या वर्षी रशियाशी लढावे लागले नाही, कारण बर्लिनच्या परिषदेत तह झाला. माल्ट्याच्या शिपायांपैकी काही मात्र पुढे सायप्रसला, इंग्रजांच्या नव्या ताब्यातील बेटावर, तैनातीस गेले.